घरचा रस्ता सांगा

धाकटीला न्यूमोनिया झाला तेव्हा तिला आधी शेळ्यांची काळजी वाटली, आणि लगोलग, खरं सांगायचं तर, जरासा आनंदही झाला. थोरलीला फोनवर सांगण्यासारखं काहीतरी मोठं तिच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं.

थोरली म्हणजे तिची सख्खी मोठी बहीण. दोघींनी साठी कधीच ओलांडलेली, दोघींचेही नवरे गेलेले, पण चढाओढ मात्र अजून फ्रॉकातल्या मुलींची. थोरली शहरात, चौथ्या मजल्यावर, मुलगा आणि सुनेबरोबर राहायची. धाकटी गावाच्याही पलीकडे, ओढा ओलांडून, टेकडीच्या वरच्या अंगाला शेळ्यांबरोबर राहायची. एवढ्या वर्षांत धाकटीच शेळ्यांसारखी हटवादी झाली की शेळ्या तिच्यासारख्या, हे थोरलीला कळत नसे, आणि तसं ती बोलूनही दाखवत असे.

थोरलीने सगळी नोकरी शहरातल्या बसस्थानकावर काढली होती. गाड्यांच्या घोषणा करायचं काम. आवाज असा, की तिने "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हटलं की फलाटावर हातघाईवर आलेली माणसंही क्षणभर थांबून वर भोंग्याकडे बघायची. तिची एक ऐट होती. मार्गावर कितीही थांबे असोत, ती पहिल्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंतची सगळी नावं एका दमात म्हणायची, मध्ये श्वास घ्यायची नाही. नवे लोक भरती झाले तेही तसं करायला गेले आणि निम्म्यावर धापा टाकायला लागले. निवृत्त झाली त्या दिवशी चालकांनी हॉर्न वाजवून तिला निरोप दिला होता. ते हॉर्न धाकटीने फोनवरून ऐकले होते आणि नंतर शेळ्यांना चारा घालताना, कोणी बघत नाही असं पाहून, थोडी रडलीही होती.

रोज सकाळी थोरली ज्या गाड्यांची घोषणा करायची त्यांतली एक धाकटीच्या गावाला जाणारी होती. एवढी वर्षं तिने त्या गाडीत लोकांना बसवलं, पण स्वतः काही बसली नाही. आई गेल्यापासून दोघी एकमेकींकडे गेल्याच नव्हत्या. भांडण झालं नव्हतं. भांडण असतं तर कधीतरी मिटलं तरी असतं. "तू ये ना एकदा," असं धाकटी म्हणायची. "तूच ये. तुझी ती टेकडी चढायला मी काय शेळी आहे?" असं थोरली म्हणायची. धाकटीला शेळ्या सोडून जाता येत नव्हतं आणि थोरलीला मान सोडून येता येत नव्हतं. रोजचा फोन मात्र कधी चुकला नाही.

तर धाकटीला ताप आला, खोकला आला, आणि बरगडीखाली कोणीतरी कोपर रोवल्यासारखं दुखायला लागलं. शेजारीण, म्हणजे टेकडीच्या पायथ्याची, तिने शेळ्या आपल्या गोठ्यात नेल्या आणि धाकटीला दुधाच्या गाडीत बसवून दिलं. दुधाच्या गाडीने तिला बाजाराच्या गावातल्या छोट्या रुग्णालयात आणून सोडलं.

तिथल्या डॉक्टरबाई अंगाने किरकोळ, केस पिकलेले, चष्मा डोक्यावर ठेवून तोच चष्मा टेबलावर शोधत बसणाऱ्या. त्यांनी धाकटीची छाती पुढून तपासली, पाठीमागून तपासली, बोटाला चिमटा लावला, छातीचा फोटो काढून आणायला लावला आणि तो खिडकीसमोर धरून निरखला.

"उजव्या बाजूला खाली न्यूमोनिया आहे," त्या म्हणाल्या. "लहान आहे. गोळ्यांनी बरा होईल असा."

धाकटी उठून चपला शोधायला लागली.

"थांबा. मला तुमच्या घरचा रस्ता सांगा."

"कशाला? तुम्ही येणार आहात?"

"सांगा तर. इथल्या फाटकापासून सुरू करा. घाई नाही."

म्हातारपणी डॉक्टरांच्याही डोक्यात काय काय येतं, असं मनात म्हणत धाकटी सांगायला लागली. फाटकातून बाजार, बाजारातून जुना नाका, पुढे दगडखाण. खाणीच्या वळणावर गाडी खालच्या बाजूला वळते. मग गाव. गावात गाडी सोडायची. मग ओढा, ओढ्यावर फळ्या टाकल्यात, त्यांतली तिसरी हलते, तिच्यावर पाय द्यायचा नाही. मग चढ. चढावर पहिल्यांदा... इथे तिला थांबावं लागलं. चढावर पहिल्यांदा खडक लागतो, मग... पुन्हा थांबली. मग काटेरी कुंपण, आणि मग घर.

डॉक्टरबाई डोळे मिटून ऐकत होत्या, जसं काही कोणी गाणं म्हणतंय.

"घरात कोण असतं?"

"शेळ्या."

"त्यांना फोन लावता येतो?"

"नाही अजून."

"मग राहा इथे," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि सिस्टरला खिडकीजवळची खाट द्यायला सांगितलं.

खाटेवर पडल्या पडल्या धाकटीने सिस्टरला विचारलंच, की लहान न्यूमोनियाला कोणी असं अडकवून ठेवतं का. सिस्टर गोल चेहऱ्याची, बोलकी बाई होती. सलाईनची सुई टोचता टोचता तिने सगळं सांगून टाकलं.

"डॉक्टरबाई सगळ्यांनाच रस्ता विचारतात. त्यांना त्यातून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे, घर किती लांब आहे. दुपारी बरं असलेलं माणूस संध्याकाळी अचानक बिघडलं तर ते परत इथवर पोचेल का. आणि दुसरं म्हणजे, सांगताना दम कुठे तुटतो. तुमचा चढावर तुटला."

"अगं, तो चढच तसा आहे!"

"तुम्ही बसल्या जागी सांगत होतात, आजी."

धाकटीने मुकाट्याने पांघरूण ओढून घेतलं. आयुष्यात असं फार क्वचित व्हायचं.

सिस्टरने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना तिचा चेहरा असा फुलला की हे ती प्रत्येक नव्या रुग्णाला सांगत असणार. मागे एकदा वरच्या कचेरीतून एक साहेब आले होते. त्यांच्या कागदावर आकडे होते: शहरातले लोक न्यूमोनिया झाला तर गोळ्या घेऊन घरी जातात, आणि तुमच्याकडे मात्र खाटा भरलेल्या. शहरातल्यापेक्षा इथे कितीतरी जास्त लोक भरती होतात. इथला न्यूमोनिया वेगळा आहे, का इथले डॉक्टर घाबरट आहेत? डॉक्टरबाईंनी वाद घातला नाही. त्या दिवशी एका म्हाताऱ्या गवंड्याला घरी सोडायचं होतं. त्या म्हणाल्या, "साहेब, तुमच्या जीपमधून एवढं यांना सोडून येऊ या का? वाटेत आपलं बोलणंही होईल." साहेब माणूस म्हणून चांगला, लगेच तयार झाला. जीप जाईल तिथवर गेली. पुढे सगळे चालले. गवंडीबाबा पुढे, साहेब मागे, गुडघ्यापर्यंत चिखल. परत आले तेव्हा अंधारून आलं होतं आणि साहेबांच्या हातातला कागद कुठे पडला ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"मग काय लिहिलं त्यांनी?"

"लिहिलं की न्यूमोनिया सारखाच आहे, रस्ता वेगळा आहे. आणि दोन खाटा वाढवून दिल्या. त्यांतल्या एकीवर तुम्ही झोपलाय."

धाकटीने खाटेवरून हात फिरवून पाहिला. तिला डॉक्टरबाईंचं भलतंच कौतुक वाटलं. डॉक्टर म्हणजे छातीला नळी लावणारा माणूस, एवढंच तिला आजवर ठाऊक होतं. ही बाई नळी लावून झाल्यावर ओढ्यावरच्या हलत्या फळीचाही विचार करत होती.

संध्याकाळी थोरलीचा फोन आला. धाकटी तयारच होती. आवाज शक्य तेवढा खोल काढून ती म्हणाली, "ताई, मला न्यूमोनिया झालाय. ऍडमिट केलंय."

पलीकडे खोकल्याची एक उबळ आली. मग थोरली म्हणाली, "मलाही झालाय."

"काय?"

"न्यूमोनिया. डाव्या बाजूचा. आज सकाळीच दाखवून आले."

धाकटीचं तोंड उतरलं. आजारपणातही हिला मागे राहायचं नाही!

"मग तू कुठल्या हॉस्पिटलात आहेस?"

"कुठल्या म्हणजे? घरी! इथे असं उठसूट कोणाला झोपवून ठेवत नाहीत, चिमणे. तरुण मुलगा आहे डॉक्टर, हुशार आहे. सगळं तपासलं, गोळ्या दिल्या, म्हणाला, हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे, बिघडलं तर लगेच या. हे असतं शहर. तुमच्याकडे जरा शिंक आली की सलाईन."

साठीतल्या बहिणीला चिमणी म्हणणारी या जगात आता एवढी एकच उरली होती.

"माझा तुझ्यापेक्षा मोठा असणार," धाकटी म्हणाली. "म्हणूनच ठेवून घेतलंय."

"डाव्या बाजूचा जास्त वाईट असतो. तिकडे हृदय असतं."

"कोणी सांगितलं?"

"मी सांगते."

सगळ्या खोलीला हे ऐकू जात होतं, कारण धाकटीला फोनचा मोठा आवाज बंद कसा करायचा ते येत नव्हतं. शेजारच्या खाटेवरची शिंपीणबाई खोकत खोकत हसायला लागली. मग कोणीतरी विचारलं, ह्याच का त्या बसस्थानकावरच्या? झालं. थोरलीला आग्रह करावा लागला नाही. तिने घसा साफ केला आणि सुरुवात केली. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, फलाट क्रमांक सहावरून... बाजारपेठ, जुना नाका, दगडखाण, आणि मधले सगळे थांबे ओळीने, धाकटीच्या गावापर्यंत. शेवटी जरा खोकली, पण मध्ये दम तुटू दिला नाही. खोलीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. हाताला सुई लावलेल्यांनी मांडीवर वाजवल्या.

"पाठ आहे होय अजून?" धाकटी म्हणाली.

"गाडीचा रस्ता पाठ आहे. पुढचं तुझं ते फळ्याबिळ्यांचं मला काय माहीत."

पण ते खोटं होतं. रोज फोनवर धाकटी तेच तर सांगायची: आज चढावर घसरले, आज कुंपणाची तार तुटली, आज तिसऱ्या फळीने मला पाण्यात घातलं असतं.

पुढचे काही दिवस असेच गेले. रोज संध्याकाळी दोघींचे न्यूमोनिया समोरासमोर उभे राहायचे. धाकटीचा ताप उतरला, तर थोरली म्हणायची, खेड्यातला तापही आळशी. थोरली जेवण जात नाही म्हणाली, तर धाकटी म्हणायची, सुनेच्या हातचं आहे म्हणून का? सून शेजारून ओरडायची, "मावशी, ऐकू येतंय मला!" आणि तिघी हसायच्या. पण दिवसा मुलगा आणि सून दोघंही कामावर असायची. थोरली एकटीच दाराला आतून कडी लावून पडून राहायची. तिला सवय होती कडीची. शहरात दार उघडं कोण ठेवतं?

त्या दिवशी फोन दुपारीच आला.

"चिमणे," थोरली म्हणाली.

"काय गं? आज एवढ्या लवकर?"

"काही नाही."

"बरी आहेस ना?"

"बरी."

धाकटीने कान टवकारले. थोरली आणि एका शब्दात उत्तर! ही बाई 'पाणी दे' सुद्धा तीन वाक्यांत मागायची.

"गोळ्या घेतल्यास?"

"हो."

"सून कुठंय?"

"कामा..." आणि पुढचा 'वर' आलाच नाही.

धाकटी खाटेवर उठून बसली. काय करावं ते तिला कळेना, आणि मग एकदम कळलं. ती म्हणाली, "ताई, मला तुझ्या घरून हॉस्पिटलचा रस्ता सांग."

"वेड... लागलंय का?"

"सांग ना. दारापासून सुरू कर."

थोरलीला चिडायलाही दम पुरत नव्हता. "दार," ती म्हणाली. श्वास. "जिना. लिफ्ट... बंद आहे." पुन्हा श्वास, लहानसा, वरच्यावर घेतलेला. "मग... फलाट."

"काय?"

"फलाट सहा. आई... तू गाडीत बस. मी... घोषणा करते."

आई जाऊन किती वर्षं झाली होती.

"सिस्टर!" ती ओरडली. "डॉक्टरबाईंना बोलवा!"

डॉक्टरबाई शेजारच्या खोलीत होत्या. त्या चष्मा डोक्यावर तसाच घेऊन धावत आल्या. त्यांनी फोनला कान लावला, थोडंसं ऐकलं आणि फोन परत धाकटीच्या हातात दिला. "बोलत राहा तिच्याशी. सोडू नका. पत्ता सांगा मला." धाकटीने पत्ता घडाघडा सांगितला, कारण दरवर्षी शुभेच्छांचं कार्ड ती त्याच पत्त्यावर पाठवायची. डॉक्टरबाईंनी टेबलावरचा फोन उचलून शहरातल्या अ‍ॅम्ब्युलन्सला लावला. त्यांचा आवाज शांत होता, पण हात फोनची वायर पिळत होता. सिस्टरने धाकटीकडून भाच्याचा नंबर घेतला. तो म्हणाला, निघालोच, पण तो शहराच्या दुसऱ्या टोकाला होता.

"अ‍ॅम्ब्युलन्स निघाली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लगेच पोचेल. दार उघडं आहे का?"

"कडी असते आतून," धाकटी म्हणाली आणि फोनकडे वळली. "ताई, ऐक. ऊठ. जाऊन कडी काढ."

"नको. झोप... येते."

"ताई, ऊठ म्हणतेय ना!"

"तू मला... नको शिकवू."

आयुष्यभर हिने धाकटीचं एकही ऐकलं नव्हतं. आता मरायच्या वेळीही ऐकणार नव्हती. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. शिंपीणबाईने तोंडावर पदर धरला होता. मग धाकटीने डोळे पुसले, कारण तिला तिची बहीण कोणाहीपेक्षा जास्त माहीत होती. ती शक्य तेवढ्या खवचट आवाजात म्हणाली:

"ठीक आहे. झोप. मग मीच जिंकले."

पलीकडे श्वासाचा आवाज.

"माझा न्यूमोनिया होता मोठा, तरी मी उठून बसलेय. तुझा चिमूटभर, आणि तुला दारापर्यंत जाता येईना. सगळ्या गावाला सांगणार मी. शहरातली ती ऐटबाज बाई, कडी काढता येईना तिला."

"काय म्हणालीस?"

"ऐकलंस ते. म्हणे एका दमात!"

काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मग काहीतरी घासत गेल्याचा.

"येतेय का गं सरकत?" धाकटी म्हणाली. "का तेही जमेना? आमची म्हातारी शेळी तुझ्यापेक्षा भराभर चालते. तीन पायांवर!"

"गप्प... बस."

"नाही बसत. ये ना, बघू."

डॉक्टरबाई तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. धाकटी रडत होती आणि टोमणे मारत होती. एका बाजूने नाक पुसायची, दुसऱ्या बाजूने शेळीला थोरलीच्या पुढे काढायची. फोनमधून कधी श्वास, कधी फरशीवर घासल्याचा आवाज, मध्येच नुसतं काहीच नाही.

मग कडी सरकल्याचा आवाज आला. लोखंडाचा, स्पष्ट.

"काढली," थोरली म्हणाली. "सांग... तुझ्या शेळीला."

त्यानंतर जिन्यावरून बूट धावत वर आले. इतक्या लवकर, की धाकटीचा विश्वास बसेना. माणसांचे आवाज, धीराचे. "आजी, आम्ही आलोय. हा मास्क लावतो, घाबरू नका." "लिफ्ट बंद आहे रे, खुर्ची आण." त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि चार मजले हातावर तोलत उतरवलं. फोन बहुतेक थोरलीच्याच मांडीवर राहिला असावा, कारण प्रत्येक वळणावर "जपून, जपून" असं ऐकू येत होतं. धाकटीने ती माणसं कधी पाहिली नाहीत आणि पुढेही पाहणार नव्हती, पण त्या 'जपून'साठी तिने त्यांना मनातल्या मनात दंडवत घातला. शहराचं हे तिने कबूल केलं. तिच्या चढावर अशी माणसं एवढ्या लवकर कधीच पोचली नसती.

थोरली वाचली. नाकाला नळी, शिरेतून औषध, पहिले दिवस कठीण गेले. भाचा रोज फोन करायचा आणि दरवेळी फोनवरच रडायचा. धाकटी त्याला म्हणायची, "रडू नकोस, राजा. तुझी आई माझ्यावर चिडलीय, आता ती जाणार नाही कुठे."

एकदा त्या तरुण डॉक्टरने डॉक्टरबाईंना फोन केला. धाकटी तेव्हा औषध घ्यायला टेबलापाशीच उभी होती. पलीकडचा मुलगा बराच वेळ बोलत होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाही, नाही. त्या दिवशी तुम्ही बरोबरच होतात. मी असते तरी त्यांना घरीच पाठवलं असतं, तुमच्या शहरात. फक्त एक विचारलं असतं. दिवसा घरी कोण असतं." मग थोडं ऐकून त्या हसल्या. "घ्या की. वापरा. प्रश्नावर काय कोणाची मालकी असते?"

धाकटीला सोडलं त्या दिवशी डॉक्टरबाईंनी पुन्हा रस्ता विचारला. तिने फाटकापासून कुंपणापर्यंत सगळा सांगितला, चढासकट, न थांबता. निघताना डॉक्टरबाईंचे पाय धरावेत असं तिला वाटत होतं, पण त्या चष्मा शोधत होत्या, म्हणून तिने तो त्यांच्या डोक्यावरून काढून त्यांच्या हातात दिला. दोघी हसल्या. शेळ्यांनी तिला पाहून ओळख दाखवली नाही, नेहमीप्रमाणे.

टेकडीवर फोनला रेंज एकाच जागी यायची, कुंपणाजवळच्या खडकावर. त्या खडकावर उभी असताना तिला थोरलीचा फोन आला. आवाज बारीक होता, पण होता थोरलीचाच.

"चिमणे, घरी सोडतायत मला. हा मुलगा आलाय तपासायला, समोर उभा आहे. मोठा आवाज लावलाय मी. काय विचारतोय ते ऐक."

तरुण डॉक्टरचा संकोचलेला आवाज आला. "आजी, तुमच्या घरचा रस्ता सांगा."

पलीकडे थोरलीने घसा साफ केला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, फलाट क्रमांक सहावरून सुटणारी गाडी बाजारपेठ, जुना नाका, दगडखाण या मार्गाने गावापर्यंत जाईल, गावात उतरून प्रवाशांनी ओढ्याकडे चालत जावे, ओढ्यावर फळ्या आहेत, तिसरी फळी हलते, तिच्यावर पाय देऊ नये, पुढे चढ, चढावर खडक, खडकाच्या पुढे काटेरी कुंपण, कुंपणाची तार तुटलेली असल्यास सांभाळून आत यावे, आत माझी धाकटी बहीण राहते."

'चढ' शब्द आला तेव्हा धाकटी थोरलीचा दम तुटायची वाट बघत होती. दम तुटला नाही.

डॉक्टर गडबडला. "आजी, हा फार लांबचा रस्ता आहे. आणि तुमचं घर तर इथे, चौथ्या..."

"ते मुलाचं घर आहे. चार दिवस तिथे राहते, मुलगा रजा घेतोय, लिफ्टही सुरू झालीय. मग बहिणीकडे जाणार."

"बरं. मग तिकडे घरी दिवसा कोण असतं?"

"बहीण असते म्हटलं ना. दिवसाही असते, रात्रीही असते. कायम तिथेच असते, हलत नाही कुठे."

मग डॉक्टर म्हणाला, "मग हरकत नाही. वाटेत त्या डॉक्टरबाईंना दाखवून पुढे जा."

"चिमणे," थोरली म्हणाली, "आहेस का गं? बोलत का नाहीस?"

धाकटी खडकावर उभी होती, खाली ओढा दिसत होता, आणि ती त्यावरच्या फळ्यांकडे बघत होती. एवढी वर्षं तिला चढाओढ जिंकायची नव्हतीच, ताई यायला हवी होती, हे तिला आता कळत होतं.

"आहे," ती शेवटी म्हणाली. "ये."

फोन ठेवून ती घरात गेली. मग हातोडी आणि खिळे घेऊन, अजून पुरतं बळ नसलेल्या पायांनी, सावकाश चढ उतरली, आणि ओढ्यावर बसून तिसरी फळी ठोकून घट्ट केली.